झेंडूखालचा ओटीपी

सर्व करदात्यांना, करबुडव्यांना आणि 'उद्या भरतो' म्हणणाऱ्या तिसऱ्या व सर्वांत मोठ्या वर्गाला अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, भारत सरकारचे कामकाज एका दुपारी चाकणजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झेंडूच्या फुलाखाली अडकून पडले होते. फूल केशरी होते. सरकारला याची कल्पना नव्हती. मी तिथे जातीने हजर होते, म्हणून ही नोंद.

मी कर सल्लागार आहे. चिंचवडला एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर माझं ऑफिस आहे आणि भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेली माझी गिऱ्हाइकं आहेत. कुणी स्प्रिंगा बनवतं, कुणी रबराचे वायसर कापतं, कुणी कंपन्यांच्या कॅन्टीनला पोळ्या पुरवतं. ही माणसं वर्षभर लोखंडाला वाकवतात आणि शेवटची तारीख आली की माझ्यासमोर स्वतः वाकून बसतात. मला हा मोसम आवडतो. बाकीच्या जगात लग्नसराई असते, आमच्याकडे शेवटची तारीख असते. धावपळ, रुसवे, हरवलेल्या वस्तू आणि ऐन वेळी न सापडणारा मुलीकडचा मामा, सगळं तेच.

कराबरोबर मी एक शेपूट फुकट जोडून देते. धंदा लोकांना दिसावा कसा आणि हातातला फोन वापरावा कसा, याचा सल्ला. त्यासाठी वर्षातून एकदा मोशीच्या एका मंगल कार्यालयात सगळ्यांना जमवते. मुहूर्त नसलेल्या दिवशी मालक हॉल देतो. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच असतात. त्यातल्या नवरीच्या खुर्चीत बसून मी कर, कागद आणि जाहिरात या विषयांवर बोलते. नवरदेवाची खुर्ची रिकामी असते. तिच्यावर प्रोजेक्टर ठेवतो. त्याच्याइतका गुणी नवरा मी पाहिलेला नाही. सांगितलं तेवढंच दाखवतो आणि तापला की स्वतःच बंद होतो.

तर त्या वर्षी त्या खुर्चीतून मी जे सांगितलं ते असं. धंद्याचा फोन वेगळा ठेवा. त्याच नंबरावर ऑर्डर, त्याच नंबरावर बँक, त्याच नंबरावर सरकार. घरच्या फोनवर मावशीच्या गुडघ्याचे निरोप येतात, त्यात सरकारचा निरोप हरवतो. दुकान नकाशावर टाका, आणि फोटो टाकाल तो मालाचा टाका, स्वतःचा नको. ई-मेलला दुहेरी कुलूप लावा, म्हणजे पासवर्ड दिल्यावरही फोनवर आकडा आल्याशिवाय ते उघडणार नाही. सणाला गिऱ्हाइकांना शुभेच्छा पाठवा, पण सकाळी नको, सकाळी सगळं गाव पाठवतं. जेवणं झाल्यावर पाठवा, तेव्हा माणूस लवंडलेला असतो आणि वाचतो. आणि शेवटी, खुर्चीच्या मखमली हातावर मूठ आपटून: "ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. बँकवाला आला, पोलीस आला, प्रत्यक्ष देव आला तरी सांगायचा नाही!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून सर्वांत जोरात टाळ्या वाजवणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या शेजारी त्यांची सून होती, आणि ही गोष्ट तिच्या धंद्याची आहे.

सून लाकडी पेट्या बनवते. चाकणच्या कारखान्यांतून यंत्रांचे भाग बाहेरगावी जातात, ते ज्या पेट्यांत बसून जातात त्या पेट्या. नवरा कंपनीत शिफ्टमध्ये असतो. शेड तिची, कारागीर तिचे, डोकंही तिचंच. सासरे, ज्यांना ती आणि आता आम्ही सगळेच आबा म्हणतो, ते इथल्याच जुन्या गावातले. सगळं आयुष्य एका कंपनीच्या मशीनशॉपमध्ये गेलं. निवृत्त झाल्यापासून ते सुनेच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि खिळा वाकडा गेला की खोकतात.

माझे सल्ले या घराने इतके मनापासून पाळले की मलाच भीती वाटली. नवा फोन आला. दुकान नकाशावर गेलं. पहिला फोटो मात्र सुनेच्या लग्नातला चढला, कारण तेवढाच एक चांगला होता, आणि आठवडाभर लोक हॉलचं भाडं विचारत राहिले. आबांनी तिथे स्वतःच्याच शेडला पाचपैकी एक चांदणी दिली. का, विचारलं तर म्हणाले, "एक नंबर काम हाय म्हनून."

पण फोन वाजू लागला. पेट्यांचे फोटो पाहून एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाने बोलावलं, मापं दिली आणि ऑर्डर दिली. शेडचं अर्ध्याहून जास्त काम त्या एका कंपनीचं झालं. आणि तिथेच मेख होती. महिन्याच्या विक्रीची बिलं ठरलेल्या तारखेच्या आत जीएसटीच्या पोर्टलवर चढवावी लागतात. ती चढली नाहीत तर समोरच्या कंपनीला त्या बिलांवर तिने भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. सुनेची बिलं लागोपाठ दोन महिने उशिरा गेली होती. एकदा कारागीर गावाला गेले म्हणून, एकदा वीज गेली म्हणून. खरेदीवाले साहेब सभ्य होते. त्यांनी सभ्यपणे सांगितलं होतं की या महिन्यात बिलं वेळेत दिसली नाहीत, तर पेट्या दुसऱ्या पार्टीकडून घेऊ.

त्या महिन्याची शेवटची तारीख खंडेनवमीला आली.

खंडेनवमी म्हणजे काय, हे आमच्या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी लेथला हार असतो, ड्रिलला हार असतो, फोर्कलिफ्ट नवरदेवासारखी सजून उभी असते आणि वॉचमनच्या काठीलाही हळदीकुंकू मिळतं. माझ्या स्कूटरला मी सकाळीच फूल वाहिलं होतं. मला दर खंडेनवमीला चार-पाच ठिकाणी प्रसादाला बोलावणं असतं. सुनेकडचं जेवणाचं होतं. बिलं सगळी माझ्या लॅपटॉपमध्ये तयार होती. पोर्टल आदल्या दिवशी गोल-गोल फिरत बसलं होतं, म्हणून मी लॅपटॉप घेऊनच गेले. जेवायचं, एक बटण दाबायचं, फोनवर आलेला आकडा टाकायचा, संपलं.

पुरणपोळी उत्तम होती. हात धुऊन मी लॅपटॉप उघडला. पोर्टल चक्क सरळ उघडलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"फोन घे गं," मी म्हटलं. "ओटीपी पाठवते."

सून जागची हलली नाही. तिने शेडच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

कोपऱ्यात पाट मांडला होता. पाटावर करवत, रंधा, खिळे मारायची गन, मोजपट्टी, सगळं ओळीने, सगळ्यांना गंध-अक्षता. समोर समई. आणि मधोमध, मानाच्या जागी, लाल कापडावर उताणा निजवलेला धंद्याचा फोन. त्याच्या पोटावर भलंमोठं झेंडूचं फूल.

"आबा?" मी म्हटलं.

"म्याडम, तुमीच सांगा," आबा खुर्चीतून म्हणाले. "औंदा धंदा कशानं आला? करवतीनं आला का? करवत तर आधीबी व्हती. फोननं आला. मंग हत्यार कोनतं झालं?"

"बरोबर आहे."

"हत्यार पूजेला बसलं. आता उद्या उत्तरपूजा झाली की उठंल. आज त्येला हात लावायचा न्हाई. मशीनला वर्सातनं एक दिस सुट्टी. आमच्या शॉपमदी जनरल म्यानेजर आला तरी नवमीला स्विच दाबू दिला न्हाई आमी."

हे खरं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. आमच्या भागात पूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हलवत नाही. फक्त त्या यादीत फोन कधी शिरला, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जाणकार वाचक इथे हात वर करतील: ओटीपी ई-मेलवरही येतो की. येतो. त्या ई-मेलला दुहेरी कुलूप होतं, आणि त्याची किल्ली त्याच फोनवर यायची. कुलूप लावायला कुणी सांगितलं होतं, हे वर आलेलंच आहे.

"आबा, फोन राहू द्या तिथेच," सून म्हणाली. आवाज गोड, पण बोटं पदराशी खेळत होती. "आतलं सिम तेवढं काढून माझ्या फोनमध्ये टाकते. दोन मिनिटं."

"इंजन काढून न्यायाचं आन् म्हनायाचं गाडी हितंच हाय. व्हय ना?"

एक कारागीर हसला. सुनेने त्याच्याकडे पाहिलं आणि तो पाणी प्यायला बाहेर गेला.

"आबा, ऑर्डर जाईल हो," ती म्हणाली. "साहेबांनी सांगितलंय. आजच्या आज."

आबांनी पाटाकडे पाहिलं. ऑर्डर त्यांनाही कळत होती. रोज संध्याकाळी ट्रकमध्ये चढणाऱ्या पेट्या तेच मोजत असत. ते म्हणाले, "हात लावायचा न्हाई. बगायला बंदी न्हाई. देवाकडं लोक बगत्यातच की."

हा मोठा विजय होता. फोन चालूच होता. बंद करणं म्हणजेसुद्धा हात लावणं, म्हणून आबांनी तो चालूच ठेवला होता. निरोप आला की पडद्यावर आपोआप दिसणार. बघायचं आणि टाकायचं. मी बटण दाबलं. पाटावर फोन गुरगुरला. आम्ही तिघं वाकलो. दिसलं ते झेंडूचं फूल.

"फूल जरा बाजूला…"

"वाहिलेलं फूल!" आबा म्हणाले, आणि त्या दोन शब्दांनी विषय संपला.

आकड्याची मुदत थोडी असते. ती फुलाखाली संपली. पाकळ्यांमधून काही दिसतं का म्हणून मी जमिनीला गाल टेकवून पाहिलं. माझं वय, वजन आणि व्यवसायातली प्रतिष्ठा पाहता ते दृश्य कुणी टिपलं नाही हे बरं झालं. सुनेने टेबलफॅन सुचवला. आबांनी समईकडे बोट दाखवलं. फॅन रद्द झाला.

आणि मग बाकीच्यांचीही जेवणं झाल्यावरची वेळ झाली.

फोन गुरगुरला. पुन्हा गुरगुरला. मग थांबेचना. सुनेला कळेना, मला मात्र कळलं आणि मी हळूच भिंतीला टेकले. मोशीच्या हॉलमधले माझे सगळे शिष्य एकमेकांची गिऱ्हाइकंही आहेत. स्प्रिंगवाला, वायसरवाला, पोळीवाल्या बायका, सगळ्यांनी गुरूची आज्ञा पाळली होती. सकाळी कुणी शुभेच्छा पाठवल्या नव्हत्या. जेवणं झाल्यावर पाठवत होते. दुकानाचं नाव, मालाचा फोटो, खाली पत्ता, अगदी मी सांगितलेल्या क्रमाने, आणि ते सगळं त्या पाटावर येऊन थडकत होतं.

प्रत्येक गुरगुरीबरोबर फूल थरथरत होतं. आणि अगदी किंचित सरकत होतं.

पहिल्यांदा ते आबांनी पाहिलं. ते खुर्चीतून उठले आणि पाटासमोर मांडी घालून बसले. चष्मा नाकावर खाली ओढला.

"कुनी हात लावू नगा," ते हळू आवाजात म्हणाले. "कौल व्हतोय."

कौल लावणं आमच्या गावांत जुनं आहे. देवाला फूल लावायचं, प्रश्न विचारायचा. उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही. इथे फूल आधीच लावलेलं होतं आणि प्रश्नही सगळ्यांना पाठ होता. पाणी प्यायला गेलेला कारागीर परत आला. शेजारच्या शेडमधला वेल्डर दारात उभा राहिला. सून माझ्या बाजूला उभी होती आणि तिने माझं मनगट धरलं होतं. तिची पकड करवत चालवणाऱ्या बाईची आहे. ती मला दोन दिवस लक्षात राहिली.

वायसरवाल्याच्या शुभेच्छेला फूल थोडं डावीकडे गेलं. सून देवाचं नाव न घेता वायसरवाल्याचं घेऊन काहीतरी पुटपुटली. मग कुणीतरी एकामागून एक फोटो पाठवायला सुरुवात केली. मला वाटतं पोळीवाल्या बायका असाव्यात, त्यांना थांबता येत नाही. फोन सलग थरथरला, फूल जागच्या जागी फिरलं, कडेला आलं, क्षणभर टेकलं आणि उजवीकडे रंध्यावर पडलं.

"उजवा!" वेल्डर ओरडला.

आबांनी हात जोडले. "दिला कौल. म्याडम, मारा बटन. पर हात न्हाई हं. निसतं बगायचं."

मी बटण दाबलं. पडद्यावर सरकारचा निरोप आला आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यावर कुणाची तरी उद्याच्या दसऱ्याची आपट्याची पानं येऊन बसली, त्यांच्यावर 'सोन्यासारखे राहा', त्याच्यावर स्प्रिंगांचा फोटो. सरकार एकेक पायरी खाली चाललं होतं. सून पुढे झुकली, पण पाटासमोर आबांचं डोकं होतं आणि ते डोकं मोठं आहे. दिसत होतं ते फक्त आबांना.

"आबा, काय आकडा आहे?" सून म्हणाली.

आबांनी तोंड उघडलं. आणि मिटलं.

"आबा?"

ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर खरी अडचण होती. शिस्तीत आयुष्य काढलेल्या माणसाला दोन हुकूम एकदम आले की होते ती.

"म्याडम, तुमीच सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "लाल खुर्चीत बसून. परत्यक्ष देव आला तरी सांगायचा न्हाई."

मी काही बोलणार, तेवढ्यात फोन पुन्हा गुरगुरला. सरकार आणखी एक पायरी उतरलं. आणि लग्न झाल्यापासून सासऱ्यापुढे ज्या बाईने कधी आवाज चढवला नव्हता, ती पत्रे थरथरतील अशा आवाजात म्हणाली, "आबा, देव नाही आलेला, सरकार आलंय!"

आबांनी घडाघडा आकडे वाचले. मशीनवरची मापं वाचावीत तसे, एकेक सुटा, खणखणीत. वेल्डरने ऐकले, कारागिराने ऐकले, बाहेरून जाणाऱ्या टेम्पोवाल्यानेही ऐकले असतील. मी इथे ते लिहीत नाही, कारण ओटीपी कुणाला सांगायचा नसतो. मी टाकले, पोर्टल फिरलं, आणखी फिरलं, आणि हिरवी खूण आली.

सून जमिनीवरच बसली. मग तिने आपल्या घरच्या फोनवरून हिरव्या खुणेचा फोटो खरेदीवाल्या साहेबांना पाठवला. मी लॅपटॉप मिटला. कुणीतरी उरलेल्या पुरणपोळ्या आणल्या. पडलेलं फूल आबांनी उचललं नाही. रंध्यावर पडलं म्हणजे आता ते रंध्याचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

साहेबांचा फोन यायला फार वेळ लागला नाही. तो अर्थातच धंद्याच्या नंबरावर आला. पाटावरचा फोन मोठ्याने वाजू लागला, पडद्यावर कंपनीचं नाव. सून उठली, आबांकडे पाहून थांबली. कारागीर थांबले. मीही तोंडात पुरणपोळी धरून थांबले. पहिली रिंग झाली.

आता, आबांनी जन्मभर कंपनीत काम केलं आहे. दुसऱ्या रिंगच्या आत साहेबाचा फोन उचलायचा, ही सवय त्यांच्या हातात आहे. ती नवमी ओळखत नाही. दुसरी रिंग सुरू झाली आणि आबांचा हात पाटावर गेला. हळदीचा, कुंकवाचा फोन त्यांनी कानाला लावला तेव्हा आपण काय केलं हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. पण तोवर साहेब बोलू लागले होते आणि आवाज सगळ्या शेडला ऐकू येत होता. बिलं दिसली, म्हणाले. ऑर्डर पुढे चालू. नव्या पेट्यांची मापं द्यायला माणूस पाठवायचा आहे, पण आज खंडेनवमी, आज तुमचं बंद असेल ना?

आबांनी एकदा पाटाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. गालाला कुंकू लागलेलं.

"मशीन बंद हाय, साहेब," ते ओरडले, "पर आमी चालू हाय!"